पावसाळी आंबोलीत दोन कॅमेरे : टफ टीजी-६ आणि जुना निकॉन डी९०

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. इथले बेडूक, साप, अळंब्या, शेवाळं बाहेर येतात तीही याच महिन्यांत. ज्या दिवसांत फोटोंसाठी जायचं, त्याच दिवसांत कॅमेरा पिशवीबाहेर काढायला जीव धजत नाही. जूनच्या अखेरीस मी आणि मावसभाऊ तिथे गेलो तेव्हा दोन अगदी वेगळ्या जातीचे कॅमेरे सोबत होते. त्याच्याकडे ऑलिम्पसचा टफ टीजी-६, माझ्याकडे निकॉन डी९०. पावसाळ्यात आंबोलीला निघालेल्यांपैकी बरेच जण कोणता कॅमेरा न्यावा या विचारात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डी९० हा २००८ सालचा. व्हिडिओ काढू शकणारा पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा. टीजी-६ आला २०१९ मध्ये. दोन्ही १२ मेगापिक्सेलचे, त्यामुळे तुलना करायला बरे पडतात, कारण मेगापिक्सेलचा वाद आपोआप मिटतो. फरक आहे तो सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या आकारात. डी९०चा सेन्सर साधारण २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा, टीजी-६चा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर जुना कॅमेरा तेरा पट मोठा भरतो. उलट टीजी-६ पंधरा मीटर पाण्यात जातो, दोन मीटरवरून पडला तरी चालतो आणि वजनाला पाव किलो. डी९०ची नुसती बॉडी बॅटरीसकट सातशे ग्रॅम, वर लेन्स आणि फ्लॅश. पाण्यापासून संरक्षण म्हणाल तर त्याला काहीही नाही.

आधी पोहोचण्याबद्दल. मुंबईहून कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड, तिथून सावंतवाडी शहर आणि मग एसटी किंवा भाड्याची गाडी. सावंतवाडी ते आंबोली तीसेक किलोमीटर, सगळा घाट. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा तिकीट काढताना वेळा पुन्हा तपासा. पुण्याहून कोल्हापूर, निपाणी, आजरा असा रस्ता सोयीचा. शनिवार-रविवार मात्र टाळाच. मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, आणि धुक्यात, त्या गर्दीत तिवई उभी करायचा विचारही करू नये. मंगळवार-बुधवारी तोच घाट आपल्या मालकीचा वाटतो.

धबधबा आणि कावळेसाद या दोन्ही ठिकाणी टीजी-६चं काय मोल आहे ते कळलं. कावळेसादच्या कड्यावर दरीतून येणारा वारा खाली पडणारं पाणी परत वर उडवतो. तिथे पाऊस वरून, समोरून आणि खालूनही येतो. भाऊ कठड्याला टेकून निवांत फोटो काढत होता. काचेवर थेंब बसले की पाण्याच्या बाटलीने धुवायचे आणि पुन्हा सुरू. टीजी-६ला टचस्क्रीन नाही याचा तिथे फायदाच होतो, ओल्या बोटांनी बटणं नीट दाबली जातात. डी९० मी छत्रीखाली धरला होता, पण त्या वाऱ्यात छत्री कशी टिकणार? शिवाय रेनकोटच्या टोपीत अडकलेल्या श्वासाने व्ह्यूफाइंडरची काच सारखी धुरकट होत होती. कावळेसादला वारा असेल तर डीएसएलआर गाडीतच राहू द्या. हे मी आवडत्या कॅमेऱ्याबद्दल लिहितो आहे, तरीही.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून शटर मंद लागतो. टीजी-६ला पूर्ण मॅन्युअल मोड नाही. ए मोडमध्ये एफ ८ निवडलं (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) की आत उजेड कमी करणारा एक एनडी फिल्टर मध्ये येतो आणि शटर मंदावतो. ढगाळ उजेडात एवढं पुरतं. कॅमेरा एखाद्या दगडावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. डी९०वर मात्र पोलरायझर लावता येतो आणि पावसाळी हिरवळीत त्याला पर्याय नाही. ओल्या पानांवरची पांढरी चमक निघून गेली की खालचा खरा हिरवा दिसतो. घाटातल्या लहान ओहोळांपाशी, झाडांच्या आडोशाला, पाऊस थांबल्यावर काढलेले डी९०चे फोटो भावाच्या फोटोंपेक्षा स्पष्टपणे सरस आले. कोरडी पाच मिनिटं मिळाली तर जुना कॅमेरा जिंकतो. आंबोलीत ती पाच मिनिटं कधी मिळतील ते सांगता येत नाही.

आता रात्रीकडे येतो, कारण आंबोलीला खरं तर त्यासाठीच जायचं. गावातले काही जाणकार तरुण रात्री फिरायला नेतात. त्यांच्याशिवाय जाऊ नका. वाट चुकण्यापेक्षा मोठी भीती ही की आपल्याला दिसत नाही तिथे पाय पडतो. गमबूट हवेत, हेडटॉर्च हवा, हातातला टॉर्च वेगळा हवा. आमच्याबरोबर आलेल्या मुलाने पहिल्याच वळणावर कातळातल्या डबक्याकडे टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "हयसर बघा, पण हात लावू नकात." डबक्याच्या काठाला आंबोली टोड बसला होता. अंगठ्याएवढा बेडूक, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. शास्त्रीय नावातही 'टायग्रिना' आहे ते त्यामुळेच. २००९ मध्ये या प्रजातीचं वर्णन झालं आणि जगभरच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ पाण्यात ते अंडी घालतात. ते डबकं बोटभर खोल असतं. त्यात आपला बूट पडला तर काय होईल हे सांगायला नको.

अशा प्राण्यासाठी टीजी-६चा मायक्रोस्कोप मोड केलेला आहे असंच वाटतं. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरही तो फोकस करतो. लहान सेन्सरमुळे एफ २लासुद्धा बरीच खोली स्पष्ट येते. डोळा, तोंड, पुढचा पाय सगळं एका फोटोत. डी९०वर ९० मिलिमीटरचा मॅक्रो लेन्स लावला तर तेवढी खोली मिळवायला एफ ११ किंवा एफ १६वर जावं लागतं, आणि मग फ्लॅशशिवाय भागत नाही. भावाने कॅमेऱ्यावर लाइट गाइडचं कडं लावलं होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या एलईडीचा उजेड ते लेन्सभोवती फिरवतं. त्याने अळंब्यांचे आणि शेवाळाच्या बोंडांचे काढलेले फोटो पाहून मी गप्प झालो. कॅमेरा स्वतःच वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन ते जोडतो ती सोय तर स्थिर वस्तूंसाठी अप्रतिम आहे. बेडकासाठी ती वापरू नका, तो श्वास घेतो आणि घशाची जोडणी फसते.

पण एक सेंटिमीटर म्हणजे काय याचाही विचार हवा. एवढ्या जवळ गेलं की प्राणी बिचकतो. टोड गाणं थांबवतो, जागा सोडतो. विणीचा हंगाम काही मोजक्या रात्रींचा, त्यातली रात्र आपण वाया घालवतो. म्हणून भावाला मी सांगितलं आणि त्यालाही पटलं, की झूम थोडा वाढवून वीतभर अंतरावरून काढायचं, फोटो नंतर कापून घ्यायचा. मायक्रोस्कोप मोड ठेवायचा तो अळंब्या, शेवाळ, पानांवरची रिकामी घरटी यांच्यासाठी. इथे माझ्या ९० मिलिमीटरच्या लेन्सने खरं काम केलं. झाडाच्या फांदीवर, डोक्याच्या वर, मलबार ग्लायडिंग फ्रॉग बसला होता. हिरवागार, बोटांमधले पडदे लालसर. तो पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. टीजी-६ तिथे पोहोचतच नव्हता. त्याचा झूम तोकडा आणि टोकाला एफ ४.९, म्हणजे अंधारात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढतो. मी डी९०चा छोटा फ्लॅश कमांडर मोडवर टाकला, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर सुटा फ्लॅश चमकतो, दुसरा फ्लॅश भावाच्या हातात दिला, त्यावर पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा बांधला. आयएसओ ४००, १/१६०, एफ ११. बेडकाच्या त्वचेवरचे बारीक कण मोजता यावेत असा फोटो आला.

सापांच्या बाबतीत तर वादच नको. वाटेवरच्या झुडपात मलबारी चापडा वेटोळं घालून होता. तो विषारी आहे, आणि तासन् तास न हलता बसणारा साप झेप घेणार नाही असं समजू नये. टीजी-६ घेऊन त्याच्या जवळ जायचा मोह होतो, कारण तो कॅमेरा जवळ गेल्यावरच चांगला फोटो देतो. जाऊ नका. दीड-दोन मीटरवरून लांब लेन्सने काढा. ज्यांच्याकडे टीजी-६च आहे त्यांनी साप डोळ्यांनी पाहावा, वातावरणासकट रुंद फोटो घ्यावा आणि पुढे जावं. मला यात कुठलीही तडजोड मान्य नाही.

टीजी-६मध्ये जीपीएस आहे आणि वरची लॉगची कळ चालू असेल तर कॅमेरा बंद असतानाही ठिकाणं नोंदत राहतो. ट्रेकवर याचा उपयोग आहे. दुर्मीळ बेडूक-सापांच्या फोटोंत मात्र तो धोका आहे. आंबोलीचे प्राणी पकडून नेणारे, हाताळून फोटो काढणारे लोक येतात असं गावकरी सांगतात. जीपीएस बंद ठेवा आणि फोटो कुणाला पाठवताना 'आंबोली परिसर' एवढंच लिहा.

हिरण्यकेशीला गेलात तर आणखी एक मोह आवरा. देवळामागच्या गुहेतून नदी उगम पावते आणि कुंडात लहान मासे दिसतात. २०२० मध्ये इथल्याच एका माशाला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी राज्य सरकारने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पाण्यात चालणारा कॅमेरा हातात असला की तो कुंडात बुडवावासा वाटतो. गाळ ढवळला जातो, मासे दगडांखाली पळतात. काठावरून पाहा. देवस्थान आहे, तेवढी मर्यादा ठेवा.

घरी आल्यावर दोघांचे फोटो मोठे करून पाहिले, काही ए३ आकारात छापले. आयएसओ १०० ते ४००पर्यंत टीजी-६चे फोटो छपाईत सुंदर दिसतात. ८००ला पिसं, केस, त्वचेचे कण विरघळू लागतात. १६००चा फोटो मोबाईलवर ठीक, भिंतीवर नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून नंतर संगणकावर दाणे कमी केले तर आयएसओची एखादी पायरी वाचते. डी९०चे १६००चे फोटो दाणेदार आहेत, पण तपशील टिकून आहे. तेरा पट मोठा सेन्सर म्हणजे काय हे तिथे दिसतं. व्हिडिओत उलटं. टीजी-६ फोर-के काढतो, डी९० ७२० ओळींवर थांबतो आणि चालू व्हिडिओत आपोआप फोकस करत नाही. बेडकांचं गाणं टिपायचं असेल तर टीजी-६च.

एकच कॅमेरा न्यायचा असेल तर मी टीजी-६ न्या म्हणेन. आंबोलीत दिवसभर बाहेर राहिलेला कॅमेरा पिशवीत कोरडा राहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त बघतो. घरात जुना डीएसएलआर असेल तर तो विकू नका, त्याला एक मॅक्रो लेन्स आणि एक सुटा फ्लॅश द्या आणि रात्रीसाठी ठेवा. आता टीजी-६च्या जागी टीजी-७ मिळतो. त्यात चार्जिंगचं तोंड यूएसबी-सी आहे, फोटोंचा दर्जा मात्र जवळपास तोच, त्यामुळे जुना टीजी-६ चांगल्या स्थितीत मिळाला तरी घ्यायला हरकत नाही. वापरलेला घेताना दोन्ही झाकणांच्या रबरी कडा बोट फिरवून पाहा. चीर किंवा कडकपणा जाणवला तर पाण्यासाठी तो घेऊ नका.

बॅटऱ्यांचं गणित आधीच करा. टीजी-६ला कंपनी ३४० फोटो सांगते, पण एलईडी आणि स्क्रीन सतत चालू असले की त्याच्या निम्मेच निघतात. दोन जादा बॅटऱ्या आणि वेगळा चार्जर घ्या. कॅमेऱ्यातच चार्ज करायचं तर दमट खोलीत झाकण उघडं राहतं, ते टाळलेलं बरं. झाकण उघडण्याआधी कॅमेरा गोड्या पाण्याने धुवा, पुसा, हात कोरडे करा आणि रबरावर केस किंवा वाळूचा कण नाही ना ते टॉर्च मारून पाहा. डीएसएलआरसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि पाव किलो सिलिका जेल. तांदळाने काही होत नाही. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा पिशवीतच बंद ठेवा, बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर काढा, म्हणजे काचेवर बाष्प धरणार नाही. परतल्यावर लेन्स पिशवीत तशीच ठेवली तर पावसाळा संपेपर्यंत आत बुरशीचे धागे दिसू लागतात. दोन दिवस ताज्या सिलिका जेलबरोबर डब्यात ठेवा, मग कपाटात. पिशवी वेगळी, उन्हात.