तास आणि किलोमीटर

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. क्लायंटची नाही, गाडीची. डाव्या रकान्यात किलोमीटर, उजव्या रकान्यात तास. किलोमीटर म्हणजे गाडी जेवढी चालली ते. तास म्हणजे मी किंवा बाबा तिच्याखाली, तिच्यावर ओणवे किंवा तिच्यासाठी कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर ताटकळत होतो ते. गेल्या आर्थिक वर्षाची बेरीज ३८६ किलोमीटर आणि २११ तास. तासाला दोन किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. तेवढा वेळ नुसती चालले असते तरी दुप्पट लांब गेले असते. नवऱ्याचं म्हणणं असं, की याला वाहन म्हणू नये, पाहुणचार म्हणावं.

गाडी म्हणजे १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री. दोन दारं, दोन माणसं, कापडी टप, १२९६ सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर. नवी असताना कंपनी ७५ हॉर्सपॉवर सांगायची. त्यातले किती घोडे अजून नोकरीवर आहेत ते विचारू नका. १९९१ साली बाबा नाशिकजवळ देवळाली कॅम्पात एका पारशी आजोबांकडे जुनं शिवणयंत्र बघायला गेले होते. अठरा हजारांना ही घेऊन आले. इंजिन वेगळं, द्राक्षांच्या चार क्रेटमध्ये. आईने तीन दिवस अबोला धरला, आणि शिवणयंत्र शेवटपर्यंत आलं नाही ते नाहीच. मग तेवीस वर्षं गाडी सातपूर कॉलनीतल्या घरामागे ताडपत्रीखाली होती. २०१४मध्ये मी क्रेट उघडले. मी पेशाने कर सल्लागार. स्पॅनर कुठल्या बाजूने धरतात तेही तेव्हा माहीत नव्हतं.

परवा एका क्लायंटने सहज विचारलं, "मॅडम, एवढी गाडी ठेवता, त्यात हौस नेमकी कशाची?" मी म्हटलं चालवायची. घरी येऊन वही उघडली तर रकाने निराळंच सांगत होते. म्हणून जानेवारीत झालेली गोष्ट लिहून काढते आहे.

रविवार होता. गंगापूर रोडच्या पुढे मिसळ खाऊन मी आणि बाबा निघालो. गल्लीच्या तोंडाशी मी डावीकडे पुरी काट मारली. वेग बैलगाडीचा. खालून "कट्" असा कोरडा आवाज आला, आणि बैलाने पुढचा एक पाय दुमडून बसावं तशी गाडी डाव्या अंगाला बसली. चाक मडगार्डखाली तिरपं, जवळजवळ आडवं झालेलं.

या गाडीचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढच्या बाजूला उलटतं. ते उघडलं की पुढचं सगळं लग्नाच्या ताटासारखं समोर मांडलेलं. त्यामुळे गर्दी जमायला मिनिट लागत नाही. एका रिक्षावाल्या दादांनी विचारण्याआधीच चाकाखाली दगड लावला. एका पोराने विचारलं, फेरारी आहे का. आणि पांढरी टोपी घातलेले एक काका, मोडलेल्या चाकाकडे नीट निरखून बघून, शांतपणे म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?"

बाबा तोवर रस्त्यावर उकिडवे बसले होते. वय एकोणऐंशी. बोट आत घालून त्यांनी काळपट, वाळलेल्या खरजेसारखा एक थर खरवडून काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे ग्रीस कोणी भरलं?"

मीच. म्हणजे मी भरायला सांगितलं होतं. या गाडीत पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला एका पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसवलेला असतो, बोल्ट नटात बसावा तसा. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टीअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो, आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचा भार तेच आटे झेलतात. कंपनीचं पुस्तक स्पष्ट सांगतं: दर सहा हजार मैलांनी इथे गिअर ऑइल घाला. ग्रीस नव्हे. ग्रीस वरच बसतं, वाळतं, वाट बुजवतं. आटे कोरडे राहतात, पाणी मात्र पोचतं. गंज धरतो आणि आटे जिथे सुरू होतात नेमका तिथेच दांडा तुटतो. मी दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमधल्या पोराला घाईत म्हटलं होतं, "पुढचं ग्रीसिंग करून टाक रे." त्याने सांगितलेलं काम चोख केलं. तो बिचारा कुठे स्पिटफायरचं पुस्तक वाचणार?

"दिवसभर कलमं वाचतेस ना?" बाबा म्हणाले. "मग या पुस्तकातलं एक कलम वाचायला काय झालं होतं?"

आता सुटे भाग. इंग्लंडात या गाडीचं जवळजवळ सगळं नवं मिळतं, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. पण आमच्या घरचा रिवाज असा की आधी मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार. १९६१ ते १९७१ मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड नावाची गाडी बनत होती. ती मूळची ट्रायम्फचीच, मिकेलॉटी नावाच्या इटालियनाने रेखलेली, आणि स्पिटफायरही त्याच्याच हातची. दोघींचं पुढचं सस्पेन्शन जवळजवळ एकच. म्हणजे एखाद्या डॉक्टरांची, वकिलांची मोडीत गेलेली हेराल्ड कुर्ल्याला सापडली की आमचं अर्धं काम झालं. सापडली. तिचे दोन दांडे नऊशे रुपयांना घेतले आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत निघालो. शेजारच्या पासवाल्या काकूंनी तेलकट पिशवीकडे बघून विचारलं, "बोंबील का?"

नाशकात ही हौस जमते याचं खरं कारण मला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कळतं. मुंबईच्या लोकांकडे पैसा आहे, पुण्याच्या लोकांकडे क्लब आहेत, आमच्याकडे लेथ आहेत. सातपूर-अंबडच्या गाळ्यांमध्ये अशी माणसं बसलेली आहेत, ज्यांनी आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या गाडीचे पार्ट काढले. बाबा स्वतः मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, टूलरूममधून निवृत्त झाले. तिथे बनणाऱ्या डिझेल इंजिनांच्या नोझलमध्ये सुई आणि बॉडी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. केसाची जाडी सत्तरच्या आसपास. त्यामुळे घरात कुणी "जरासं सैल आहे" म्हटलं की बाबा विचारणार, "जरासं म्हणजे किती?"

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचा अंबडला गाळा आहे. तिथे आधी दांड्यांची परीक्षा झाली. रॉकेलने धुऊन, पुसून, त्यावर लाल पातळ रंग फवारला. दहा मिनिटं थांबलो, चहा झाला. मग फडक्याने रंग पार पुसून काढला, बोटाला लागेना इतका. आणि वरून पांढऱ्या पावडरीचा फवारा. धातू चुना लावल्यासारखा पांढरा झाला. पहिला दांडा पांढराच राहिला. दुसऱ्यावर, आट्यांच्या अगदी वरच्या कडेला, हळूहळू एक लाल रेघ उमटली. कुंकवाची बारीक रेघ ओढावी तशी, अर्धा इंच. भेगेत शिरून बसलेला रंग बाहेर येत होता. मी श्वास धरून बघत होते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही दांडे अगदी धडधाकट दिसत होते.

बाबांनी दोन्ही उचलून भंगाराच्या डब्यात टाकले.

"एक चांगला आहे की," मी म्हटलं.

"त्याच गाडीचा भाऊ आहे. त्याचं आज नाही तर उद्या."

नऊशे रुपये आणि चौदा तास, उजव्या रकान्यात. दांडे नवे इंग्लंडहून मागवायचे ठरले. ट्रनियन मात्र बाबा स्वतः करणार होते. गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा, गट्टू आणला. डाव्या बाजूच्या ट्रनियनला डावे आटे असतात, म्हणजे लेथवर टूल नेहमीसारखं चककडे, म्हणजे तुकडा धरून फिरवणाऱ्या जबड्याकडे, न जाता चकपासून बाहेर यायला हवं. बाबांना आता चार तास उभं राहवत नाही. ते स्टुलावर बसून सांगत होते आणि त्यांचा पन्नाशीचा शागीर्द, स्वतःच्या गाळ्यात, स्वतःच्या कामगारांसमोर, "हो सर, हो सर" करत पाव-पाव मिलिमीटर काढत होता. मी एका कोपऱ्यात लॅपटॉपवर कुणाचं तरी जीएसटी रिटर्न भरत होते. असं तीन शनिवार.

या तीन शनिवारांबद्दलच मला सांगायचं आहे, आणि मला ते अजून नीट पकडता येत नाही. गाडी बंद होती. महिनाभर डावा रकाना कोरा होता. तरी मी शुक्रवारी रात्री उद्याची वाट बघत असे.

जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात एक गृहस्थ भेटले होते. चार गाड्या, चारही आरशासारख्या लखलखीत, ट्रेलरवरून आणलेल्या. मी कौतुकाने विचारलं, हिची डिपस्टिक कुठल्या बाजूला? त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. अशी माणसं आहेत म्हणून पुष्कळ गाड्या वाचल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाड्या त्यांच्याकडे आहेत, छंद त्यांच्या ड्रायव्हरला आहे.

गुंतवणुकीचं म्हणाल तर धंद्यातली गोष्ट सांगते. खासगी वापराची गाडी आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. विकून फायदा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. लोक इथवर ऐकून खूश होतात. तोटा झाला तर तोही कुठे दाखवता येत नाही, आणि दुरुस्तीचं एकही बिल कुठे वळतं होत नाही. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात, पण मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. रोज! ऐकून बाबा हसले होते.

रोज काढली असती तर कदाचित ती इतकी बिघडलीही नसती, हा भाग वेगळा. उभ्या गाडीला इगतपुरीकडून येणारा पावसाळा खातो आणि आता पेट्रोलही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप चिकट, फुगलेले निघाले. ते सगळे बदलले. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं ठेवू नयेत, म्हणून इथेच थांबते.

तर ट्रनियन. इकडे बाबांचा डावा ट्रनियन तयार होत होता आणि तिकडे मी एक लबाडी केली. दांडे मागवतानाच इंग्लंडहून ट्रनियनची नवी जोडीही मागवली. पार्सल ऑफिसात आलं, मी त्यातली ती जोडी अपिलांच्या फायलींमागे लपवली. आठवडाभर जेवताना बाबांकडे बघवेना. शेवटी त्यांनीच विचारलं, "दांड्यांच्या खोक्यात अजून काही आलंय का? पावतीवर वजन जास्त वाटलं."

मी डावा ट्रनियन आणून समोर ठेवला. एका शब्दाने काही बोलले नाहीत. मायक्रोमीटर काढला, फडक्याने पुसला, चष्मा बदलला. आधी इंग्लंडचा मापला, मग स्वतःचा. नवा दांडा दोन्हींत फिरवून बघितला. त्यांच्या ट्रनियनमध्ये दांडा लोण्यासारखा फिरत होता, माझ्या हाताला तरी. बराच वेळ गेला.

"तुझा लाव," ते म्हणाले.

"बाबा, तुमचा जास्त छान बसतोय."

"बसतोय. पण हे गनमेटल कुठल्या भट्टीचं, त्यात काय मिसळलंय, मला माहीत नाही. दाराची बिजागरी असती तर लावलाच असता. हे चाक आहे."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी दोन्ही बाजू बसवल्या. बाबांकडे ग्रीसगन आहे, तिच्यात ऑइल भरलेलं, बाहेरून पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: "फक्त ऑइल". अक्षर नवं आहे, ते माझ्यासाठी. ट्रनियनच्या कडेतून सोनेरी थेंब बाहेर येईपर्यंत दाबायचं.

मग कार्ब्युरेटर. दोन असल्यामुळे दोघांनी हवा सारखी ओढायला हवी, नाहीतर इंजिन लंगडतं. त्यासाठी यंत्र मिळतं, आमच्याकडे हातभर रबरी नळी आहे. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. आत "सूंऽऽ" ऐकू येतं. हे काम पूर्वी बाबांचं होतं. आता त्यांना वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही, म्हणून नळी माझ्या कानाला आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात.

"पुढचा मोठा आहे," मी ओरडते.

"मोठा म्हणजे किती?"

"कुकरची शिट्टी यायच्या आधी येतो तेवढा. मागचा झोपलेल्या माणसासारखा."

त्यांनी स्क्रू पाव आटा फिरवला. मी नळी इकडून तिकडे नेली. परत पाव आटा. चाळीस मिनिटांनी दोन्हींचा आवाज एक झाला आणि इंजिनाचं हादरणं थांबलं. डिकीवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी स्थिर झालं.

त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत जायचं ठरलं होतं. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजाग रस्ता उकरलेला, म्हणून सातपूरच्या थोडं पुढूनच वळलो. वळताना मी काट हळूहळू मारली, कान खाली लावून. काही झालं नाही. सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्याने हेल्मेटची काच वर केली. तो तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "दहा-अकरा."

वहीत त्या दिवसाची नोंद: ९ किलोमीटर, ७ तास. बाबांचा ट्रनियन माझ्या ऑफिसात टेबलावर आहे, फॅन लावला की कागद उडू नयेत म्हणून. परवा एका क्लायंटने तो उचलून बोट आत घातलं, आटे उलटे आहेत म्हणाला. मी म्हटलं, डावे आहेत. मग त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.