चोविसावा आरा

हातानं काढलेला तिरंगा दिसला की नजर आधी चक्राकडे जाते आणि आरे मोजायला लागते. पुष्कळदा सोळा निघतात. यात देशप्रेम कमी पडलेलं नसतं, भागाकार नडतो. वर्तुळाचे दोन, चार, आठ, सोळा असे तुकडे सहज पडतात, पुढचा आकडा थेट बत्तीस. चोवीस या वाटेवर लागतच नाही.

ते सहावरून गाठावं लागतं. वर्तुळ काढलं की कंपास तेवढाच उघडा ठेवायचा आणि परिघावर एका खुणेपासून टप्पे टाकत जायचं. सहावा टप्पा पहिल्या खुणेवर यायलाच हवा. आला नाही तर कंपासचा स्क्रू ढिला आहे. दर टप्प्याची बारीकशी चूक शेवटी साठते आणि तिथले आरे दाटीवाटीनं उभे राहतात. मग सहाचे बारा, बाराचे चोवीस. कोनमापक असेल तर दर 15 अंशांवर खूण करून केंद्रातून आरपार रेघ मारावी, बारा रेघांतच काम होतं. फक्त कागदाखाली पुठ्ठा हवा. केंद्राचं भोक मोठं झालं की सगळंच चक्र डुगडुगतं.

चक्र पट्ट्यांना टेकवायचं नाही, हे बरेच जण विसरतात. लांबी-रुंदी 3:2, म्हणजे झेंडा 27 सेंटिमीटर लांब घेतला तर उंची 18, प्रत्येक पट्टा 6 आणि चक्राचा व्यास साधारण साडेपाच. वर-खाली जेमतेम दोन मिलिमीटर पांढरं उरतं. त्या दोन मिलिमीटरनं चक्र मोकळं दिसतं.

आधी तिथे चरखा होता. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेत तो बदलण्यामागचं जे कारण नेहरूंनी सांगितलं, ते एखाद्या शिंप्याला लगेच पटावं: झेंडा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायला हवा. चरखा मागून पाहिला की चाकाच्या जागी चाती, म्हणजे सूत गुंडाळायची सळई, आणि चातीच्या जागी चाक. नुसतं चाक मात्र कुठूनही चाकच. त्याच सभेत राधाकृष्णन यांनी रंगांचे अर्थ सांगितले. त्याग, सत्य, माती वगैरे शाळेत पाठ होतंच. चाती कुणी सांगत नाही.

दोन्ही बाजू सारख्या असण्याचा उपयोग भिंतीवर कळतो. झेंडा उभा लावायचा तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडे हवा. उजवीकडे गेला तर कापड पालटून मागची बाजू पुढे करायची, की झालं. चरखा असता तर वर-खालचा घोळ उरलाच असता.

प्रमाणित मापांतला सगळ्यात छोटा झेंडा 150 बाय 100 मिलिमीटरचा, त्यातलं चक्र 25 चं. एवढ्याशा जागेत चोवीस आरे छापायचे म्हणजे शाई जराशी पसरली तरी मधे निळा ठिपका. तिथे कोण मोजायला बसतंय म्हणा.