आर्सेनलची मॅच, गुबगुबीत खुर्चीतून

तिकिटाचं आधी सांगतो, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. आर्सेनल हा लंडनचा फुटबॉल क्लब, त्यांच्या एमिरेट्स स्टेडियममधे 60 हजारांवर माणसं मावतात तरी साधं तिकीट बाहेरच्याला मिळणं महाकठीण, सीझन तिकीटवाले आणि मेंबर यांच्यातच बहुतेक संपतं. मागच्या खेपेला मी कुठल्याशा साइटवरून घेतलं होतं, गेटवरच्या यंत्राला फोनमधलं तिकीट दाखवलं तर लाल दिवा, पैसे गेले ते गेलेच. इंग्लंडात परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं 1994 पासून गुन्हा आहे हे नंतर कळलं. यावेळी दादा म्हणाला, "पुन्हा तो जुगार नको, सरळ हॉस्पिटॅलिटी घे." म्हणजे खाणंपिणं, लाउंज आणि चांगली खुर्ची असं सगळं धरून असलेलं महागडं तिकीट. घेतली, क्लबच्याच साइटवरून. दर समोरची टीम कोण त्यावर ठरतो, त्यामुळे मोठ्या नावाचा हट्ट सोडलात तर खिसा वाचतो.

आणि हो, टीव्हीसाठी मॅचची तारीख बदलते. आमची शनिवारची रविवारी गेली आणि माझं परतीचं विमान रविवारचंच. तिकीट बदलायचा भुर्दंड पडला, तुम्ही दोन दिवस हातात ठेवा.

दादा पश्चिम लंडनमधे हाउन्स्लोला राहतो, तिथून मेट्रोच्या पिकाडिली लाइनने थेट आर्सेनल स्टेशन, हीथ्रोवरून येणाऱ्यांनाही हीच गाडी. उतरल्यावर लगेच स्टेडियमकडे धावू नका, आधी एव्हनेल रोडला जाऊन या. 2006 पर्यंत क्लब जिथे खेळायचा त्या हायबरीच्या ईस्ट स्टँडचा दर्शनी भाग तसाच उभा आहे, मैदानाची बाग झालीये आणि भोवती लोक फ्लॅट घेऊन राहतात. मला तर मॅचइतकंच ते आवडलं.

ए4 कागदापेक्षा मोठी बॅग नेऊ नका. पाहुण्या टीमचा शर्ट तर नकोच. दादा शुद्ध शाकाहारी, ते आधी कळवून ठेवलं होतं म्हणून निभावलं, ऐनवेळी सांगून भागेल असं धरू नका.

क्लब लेव्हल म्हणजे मधला मजला, खुर्ची रुंद, गादीची, पाय सुटे ठेवता येतात आणि मैदान असं दिसतं की कोण मोकळा उभा आहे ते पास जायच्या आधी आपल्याला कळतं. मी लाउंजमधून बिअरचा ग्लास घेऊन खुर्च्यांकडे जाणाऱ्या दाराकडे निघालो तर तिथले स्टुअर्ड, म्हणजे व्यवस्था बघणारे काका, हसून म्हणाले, आधी संपवा मग या. 1985 च्या कायद्यामुळे मैदान दिसतं तिथे बसून पिता येत नाही, पाण्यासारखा पैसा मोजलेला असला तरी! त्यामुळे चाळीसावं मिनिट झालं की आजूबाजूची अर्धी रांग उठून बारकडे, हाफटाइमचं ड्रिंक तिकिटातच असतं ना. आम्ही बसून राहिलो आणि नेमका तेव्हाच गोल झाला, मागच्या दारातून दोघं ग्लास सांडत धावत आले तोवर खेळाडू परत मधे पोचलेसुद्धा. दादा पोट धरून हसत होता.

आवाजाचं मात्र खरं सांगतो, गाणी सगळी गोलमागच्या स्टँडमधून येतात, आपल्याकडे लोक घसा जपून असतात. गायला जायचं असेल तर हे पैसे वाया.

मॅचनंतर लगेच निघू नका. होलोवे रोड स्टेशनवर त्या दिवशी निर्बंध असतात आणि आर्सेनल स्टेशनबाहेर दादर परवडलं अशी रांग. आम्ही लाउंजमधेच टेकलो, दादाने दोन कप चहा घेतला, दुसऱ्यात साखर जास्त पडली म्हणून तिसरा, आणि मग निवांत निघालो.