डबा हलका लागला

परवा दुपारी एक डबा उचलला आणि हात भलताच वर गेला. डबा हनुवटीवर आदळता आदळता राहिला. तेलाचा १५ किलोचा जुना डबा, वरून कडी मारलेली. असल्या डब्यात गहू बारा-साडेबारा किलो बसतो. तो नुसता दिसला तरी गुडघे वाकतात, दम आत ओढला जातो, मला कुणी विचारत नाही. आणि आत गहू होता दोन किलो.

डबा आमच्या तिसरीच्या बाईंचा. त्यावर निळ्या ऑइलपेंटनं सरांचं आडनाव, खाली घर नंबर. सर जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्यात, मुलगी त्याहून लांब. मी म्हटलं, "बाई, एवढ्याशा दळणाला हा डबा कशाला? पिशवीत आणा की." म्हणाल्या, "पिशव्या सगळ्यांच्या सारख्या असतात. अदलाबदल होते." तिसरीतही त्यांच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालं नव्हतं.

मी एकसष्ट वर्षांचा. सोलापुरात वडिलांनी टाकलेली गिरणी चालवतो. गेल्या वर्षी उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलणं बंद. मी म्हटलं, बरं. संध्याकाळी त्यांच्याच घरचं दळण आलं, दहा किलो ज्वारी. उचललं, टाकलं. काय करणार?

उमेदीत दिवसाला साठ-साठ डबे खांद्यापर्यंत नेऊन हॉपरमध्ये उपडे केलेत. २००५च्या पुढेमागे भारनियमन होतं तेव्हा रात्री दोनला लाइट आली की दोनला पट्टा चढवायचा. पहाटे घरी गेलो की बायको दार उघडताना एक पाऊल मागं सरायची, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा माणूस बघून. तेव्हा दमायचो, पण दुखायचं नाही. आता दमत नाही, कारण दमण्याइतकं काम नाही. दुखतं मात्र रोज. घरघंट्या आल्या, तयार पिठाच्या पिशव्या आल्या. तगलो ते ज्वारीवर. भाकरीचं पीठ ताजंच लागतं. चार दिवस जास्त झाले की विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि मग सासू सुनेकडं आणि सून गिरणीवाल्याकडं बघते. मधे २०२३ साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि आमची मालदांडी ज्वारी एकदम मोठ्या लोकांत उठबस करायला लागली. गाडीतून उतरून 'ग्लुटेन नाही ना यात?' विचारणारे आले. नाही म्हटलं. ती बिचारी मोहोळच्या शेती केंद्रातून निघाली तेव्हापासून नाही.

माझी खोड सांगतो. गिरणीत उभं राहून "कशावर टाकलं?" विचारणारं गिऱ्हाईक मला सहन होत नाही. गव्हावर गहूच टाकतो हो. बाजरीवर कुणाचा गहू टाकण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. पण मी स्वतः दुसऱ्या गावी गेलो आणि तिथं गिरणी दिसली की उंबऱ्यात थांबून पहिल्यांदा हेच बघतो, कशावर टाकतोय.

तर डब्याचं. खांदा धरला तेव्हा वाटलं, आता शटर ओढायचं. पण नीट बघितलं तर डबेच हलके झालेले. बाराचे आठ, आठाचे पाच. हे एका दिवसात झालं नाही, म्हणून लक्षात आलं नाही. जिथं सहा माणसं जेवायची तिथं दोन उरली. माझा खांदा जसजसा उतरत गेला तसतशी पेठेतली घरं रिकामी होत गेली, आणि मला काम झेपत राहिलं. देवाचे आभार मानायला हात जोडावेत तर कुणाची पोरं परगावी गेली, कुणाचा जोडीदार गेला, त्यावर आपलं चाललंय हे आठवतं. मग जोडलेले हात तसेच झटकून पीठ झाडतो.

७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेची लाल ज्वारी. शाळा सुटली की गिरणीत पिठाची पिशवी धरून उभं राहायचं हे माझं काम. एरवी वडिलांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, त्या वर्षी तांबूस. खेड्यावरनं आलेल्या बायका पदराच्या गाठीत दळण आणायच्या, दीड किलो, कधी किलोसुद्धा नाही. दळताना थोडं उडतं, थोडं दगडात राहतं. मोठ्या दळणात ती घट कळत नाही, किलोभरात ओंजळच जाते. वडील काय करायचे, पीठ पदरात ओतताना बाजूच्या आमच्या डब्यातली एक मूठ त्यात टाकायचे. बोलायचे काही नाहीत. एकदा मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, आपलं पीठ पडलं त्यात!" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पिशवी माझ्या हातातून सुटली. सगळी मिलो जमिनीवर. त्या दिवशी त्या बाईला आमचा डबा अर्धा रिकामा करून द्यावा लागला आणि रात्री आमच्या घरी भाकरी मोजून झाली.

बाईंचा गहू दळून झाला. पन्हाळीखाली हात धरून चिमटीत पीठ घेतलं. गरम झालं नव्हतं, बारीक होतं. दोन किलोला दगड तापायलाही वेळ मिळत नाही. डबा काट्यावर ठेवताना पाठ बाईंकडं केली आणि आमच्या पिठातली एक मूठ आत सोडली.

बाई चष्मा सावरून काट्याजवळ आल्या.

"किती भरलं?"

"दोन किलो, डब्याचं वजन सोडून."

"मी दोनच आणलं होतं."

"मग बरोबर आलं की."

"घट कुठं गेली?"

मी पट्ट्याकडं बघायला लागलो. तिसरीत गणितालाही बाईच होत्या. त्यांनी पर्समधून पाच रुपयांचा जास्तीचा ठोकळा काढून गल्ल्यावर ठेवला, मी परत सरकवला, त्यांनी परत ठेवला. शेवटी तो तिथंच राहिला.

रिक्षापर्यंत डबा मीच नेला. दोन किलोचा डबा एका बोटावर येतो, तरी मी दोन्ही हातांनी धरला. का ते माहीत नाही. बाई बसल्या, डबा मांडीवर घेतला, आडनावाची बाजू आपल्याकडं वळवून.

"दिवाळीला सगळे येणार आहेत," म्हणाल्या. "चकलीची भाजणी, गहू, सगळंच लागेल. डबा भरून पाठवते. उचलवेल ना तुला?"

"तुम्ही पाठवा तर."

रिक्षा गेली. आत येऊन झाडू घेतला. दिवाळीला अजून दोन महिने आहेत; तोवर खांद्याला शेक देतो म्हणतो.