लीज संपत आले: गाडी परत करावी की विकत घ्यावी?

न्यू जर्सीतील माझ्या गाडीचे तीन वर्षांचे लीज, म्हणजे मासिक हप्ते भरून गाडी वापरण्याचा करार, येत्या नोव्हेंबरात संपत आहे. चवथीसाठी फोंड्याला घरी आलो असता हा विषय निघाला, आणि डिचोलीला ज्यांचे जुने गॅरेज आहे त्या आमच्या मामांना तो काही केल्या पटेना. "छत्तीस हप्ते भरलेस आणि आता चावी त्यांच्या हातात देऊन बसने घरी येणार?" असे त्यांनी विचारले. गोव्यातल्या बहुतेकांना हाच प्रश्न पडेल, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बँकेचे कर्ज काढून गाडी घेतली तर आरसी पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असते. तिच्यावर बँकेच्या हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची, नोंद असते आणि कर्ज फिटले की बँकेचे ना-हरकत पत्र (एनओसी) व फॉर्म 35 आरटीओत दिल्यावर ती नोंद निघते. लीजमध्ये गाडीचे टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, शेवटपर्यंत फायनान्स कंपनीच्याच नावावर राहते. माझ्या गाडीची मूळ किंमत 32,000 डॉलर होती. तीन वर्षांनंतर ती मूळ किमतीच्या 58 टक्क्यांवर, म्हणजे 18,560 डॉलरवर येईल, असे करारातच लिहिलेले आहे, आणि लीज संपल्यावर गाडी विकत घ्यायची तर ती याच किमतीला. मधली 13,440 डॉलरची घट 36 महिन्यांत वाटली की महिन्याला सुमारे 373 डॉलर होतात. त्यावर व्याज आणि कर. म्हणजे हप्त्यांतून मी गाडीची झीज भरली, गाडी नव्हे. ते पैसे वापरात गेले, आणि परत करायची की विकत घ्यायची हे ठरवताना ते हिशेबात धरण्याचे काहीच कारण नाही. मामांशी माझा मतभेद एवढाच होता.

खरा प्रश्न असा की, करारात लिहिलेले 18,560 डॉलर आणि आजचा बाजारभाव यांत कोणता आकडा मोठा आहे. करार करताना तीन वर्षांनंतरचा बाजार कोणालाच दिसत नाही. 2021 आणि 2022 मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या आणि जुन्या गाड्यांचे भाव भडकले. त्या काळात ज्यांची लीज संपली त्यांना बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत आपलीच गाडी विकत घेता आली. हा फायदा हातचा जाऊ नये म्हणून अनेक कंपन्यांनी लीजवरची गाडी दुसऱ्या डीलरला परस्पर विकण्यावर बंदी घातली, आणि काहींची ती बंदी अजूनही आहे. उलट प्रकार माझ्या म्हापशाच्या एका मित्राच्या बाबतीत झाला. त्याची गाडी इलेक्ट्रिक. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव मध्यंतरी इतके उतरले की करारातली किंमत बाजारभावाच्या वर राहिली. तो निमूटपणे गाडी परत करणार आहे आणि त्याचे ते बरोबरच आहे, कारण घसरणीचा तोटा कंपनीच्या माथी आहे. लीजचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो.

माझ्या हिशेबात आणखी एक बाब येते, ती मैलांची. करारात वर्षाला 10,000 मैलांची मर्यादा होती आणि तीन वर्षांत गाडी 38,000 मैल चालली. जास्तीच्या प्रत्येक मैलाला 20 सेंट, म्हणजे 1,600 डॉलर. शिवाय गाडी परत करताना डिस्पोझिशन फी, म्हणजे परत आलेल्या गाडीची विल्हेवाट लावण्याचा आकार, म्हणून 395 डॉलर द्यायचे. त्याच कंपनीची दुसरी गाडी लीजवर घेतली तर ही फी बहुधा माफ होते. गाडी विकत घेतली तर या दोन्ही रकमा द्याव्या लागत नाहीत. मैल कमी झाले असते तर न वापरलेल्या मैलांचे पैसे मात्र कोणी परत देत नाही.

त्यानंतर तपासणी. लीज संपण्याच्या दोन-तीन महिने आधी कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी पाहून जातो. आमच्याकडे आलेल्या तरुणाने क्रेडिट कार्डाएवढा एक प्लास्टिकचा तुकडा मागच्या दारावरच्या ओरखड्यावर ठेवला. ओरखडा त्याखाली झाकला गेला, म्हणून तो वापरातली साधारण झीज ठरला. बंपरवरचा मात्र दोन्हीकडून बाहेर डोकावत होता, त्याचा फोटो निघाला. मग टायरच्या खाचेत मापक घालून त्याने खोली पाहिली, कारण ती इंचाच्या आठव्या हिश्श्याहून कमी भरली तर टायरचे पैसे वेगळे लागतात. शेवटी त्याने दुसरी चावी दाखवायला सांगितले. बंपरच्या ओरखड्याचा फोटो मामांना दाखवला तेव्हा ते हसून म्हणाले, "याला रबिंग कंपाउंड पुरे. याचे पैसे घेतात?" घेतात, आणि आपल्याकडच्या रंगकामाच्या दराने घेत नाहीत.

आता गोळाबेरीज. गाडी विकत घेतली तर 18,560 डॉलर आणि त्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे सुमारे 19,790 डॉलर, अधिक नोंदणीचा किरकोळ खर्च. तेवढीच चाललेली तशीच गाडी आमच्या भागातले डीलर 21,000 डॉलरला विकत आहेत आणि त्यावरही तोच कर आहे. परत केली तर सुमारे 2,000 डॉलर भरून रिकाम्या हाताने यायचे. तीन वर्षे किंवा 36,000 मैलांची मूळ वॉरंटी संपली आहे, ही एक अडचण खरी. पण इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी 60,000 मैलांपर्यंत आहे.

इथे मामांचे एक म्हणणे मी मान्य केले. गाडी कोणाच्या हातून गेली आहे हे ज्याला ठाऊक असते त्याच्या दृष्टीने तिची किंमत वेगळी असते, असे ते म्हणाले. माझ्या गाडीचे तेल वेळच्या वेळी बदलले आहे, आणि हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर जे मीठ टाकतात ते खालच्या पत्र्यावर राहू नये म्हणून ती सतत धुतली आहे. पावसाळ्यात गोव्यातल्या गाड्यांचा पत्रा गंज कसा खातो हे पाहिलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. डीलरकडच्या अनोळखी गाडीबद्दल मला यातले काही कळणार नाही.

ती गाडी गोव्यालाच का आणत नाही, असे भाच्याने विचारले. वापरलेली मोटार भारतात आयात करायची तर तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे लागते आणि अमेरिकेतल्या माझ्या गाडीचे ते डावीकडे आहे, त्यामुळे तो प्रश्न तिथेच संपला. महिन्या-महिन्याने लीज वाढवून घेण्याची सोयही असते, पण पुढची गाडी यायची आहे आणि तोवर काम भागवायचे आहे अशांनाच ती उपयोगी.

तेव्हा मी गाडी विकत घेणार आहे. डीलरमार्फत व्यवहार केला तर तो आपली वेगळी फी लावण्याची शक्यता असते, म्हणून फायनान्स कंपनीकडून थेट अंतिम रकमेचे पत्र मागवले आहे, आणि कर्जासाठी क्रेडिट युनियनकडे, म्हणजे तिकडच्या सहकारी पतसंस्थेकडे, अर्ज केला आहे. कर्ज झाले की टायटल माझ्या नावावर होईल, त्यावर क्रेडिट युनियनची नोंद असेल, आणि ती काढून घेण्यासाठी कर्ज फिटेपर्यंत थांबावे लागेल. ही पद्धत मामांना लगेच समजली.