तुम्ही विचारलंत म्हणून: ओझरला म्हणजे एचएएलला ना?

नाही हो. नाशकात घर घेतल्यापासून, ओझरला नोकरी केली म्हटलं की हेच चाललंय. एचएएल म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानांचा सरकारी कारखाना. "काका, ओझरला म्हणजे एचएएलला ना?" नाही म्हटलं की लगेच, "मग विमान चालवायचात?" म्हणजे एक तर विमान बांधा, नाही तर उडवा.

मी अकरा बीआरडीत होतो. एअर फोर्सचा स्वतःचा बेस रिपेअर डेपो. एचएएलनं मिग-२१ बांधली, पुढं सुखोई-३० बांधली, म्हणून नाव तिचं. आमच्याकडं मिग-२३ आणि मिग-२९ ओव्हरहॉलला यायची. पॅनल उतरवायचे, पाइप-वायरिंग बाहेर काढायचं, रंग खरवडायचा आणि उघड्या सांगाड्यात तडे शोधत बसायचं. १९९१ला सोव्हिएत युनियन फुटलं आणि सुट्या भागांची बोंब झाली. तरी विमानं उभी करायचीच होती. २०१८ साली आमच्या डेपोत ओव्हरहॉल झालेलं पहिलं सुखोई-३० बाहेर पडलं. तोवर मी पेन्शनीत.

पूर्वी मी छाती काढून सांगायचो, "आम्ही सही केल्याशिवाय पायलट उडत नाही." आता ते वाक्य तोंडात येत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे, खरंच आहे ते. पण एका सहीचं सांगतो.

ओझरच्या आधी मी एका स्क्वॉड्रनमध्ये इंजिन फिटर होतो. सकाळी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा जाते त्या तोंडात, डोकं घालून इंजिनाची ब्लेड बघितली, विमान उडायला ठीक आहे अशा नोंदीच्या फॉर्म ७०० वर सही ठोकली, विमान गेलं. परत आलं नाही. पायलट इजेक्ट झालाय, सीटसकट बाहेर पडलाय, एवढं कळलं. तेवढ्यात माणसं आली, फॉर्म आणि लॉगबुकं सील करून नेली, ज्या बाउझरमधून, म्हणजे टँकरमधून, इंधन भरलं होतं त्याचे नमुने घेतले. आम्हाला कुणी काही बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी डोळे मिटून एकेक ब्लेड पुन्हा मोजत होतो, आणि दर वेळी आकड्यावर शंका यायची. मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली; कदाचित योगायोगही असेल.

मग इन्क्वायरीतून बाहेर आलं: पक्षी. इनटेकमध्ये पक्षी गेला होता. ऐकल्याबरोबर मी सगळ्यांसाठी चहा मागवला. पायलटचा मणका दुखावलाय आणि तो पुन्हा फायटर उडवेल की नाही सांगता येत नाही, हे पक्ष्याचं सांगणाऱ्या माणसानंच त्याच दमात सांगितलं होतं. ते माझ्या कानात शिरलं चहा संपल्यावर.

आता कुणी म्हणेल, माणूसच आहे, सुटल्यासारखं वाटणारच. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलोय. वर हेही, की ज्यानं कधी सही केली नाही त्यानं मला शिकवू नये. मुलगा म्हणतो, "बाबा, तुमची काही चूक नव्हती." अरे, चूक नव्हतीच. मी चहाबद्दल बोलतोय.