३४१ पाशी तुटणारं विधान

आज वर्गात फळ्यावर हे विधान होतं: '२ च्या न-व्या घातातून २ वजा करून न ने निःशेष भाग गेला, तर न मूळ संख्या.' न ३, ५, ७ घेतला तर भाग जातो. ४, ६, ९ घेतला तर जात नाही. एवढ्यावर मुलं 'सिद्ध झालं' लिहितात. अहो, २ पासून ३४० पर्यंत तपासलं तरी ते तुटत नाही!

मग येते ३४१ = ११ × ३१. अवाढव्य घात काढूच नका. २ चा दहावा घात १०२४ = ३ × ३४१ + १, बाकी १. त्याचा ३४ वा घात, म्हणजे २ चा ३४० वा, त्याचीही बाकी १. आणखी एकदा २ ने गुणा, बाकी २. ती वजा केली की शून्य. भाग गेला, पण संख्या संयुक्त. फ्रेंच गणितज्ञ सारुस यांनी १८१९ मध्ये शोधलेलं हे प्रतिउदाहरण मला फार आवडतं. उलट दिशा, म्हणजे न मूळ असेल तर भाग जातोच, हे फर्माचं छोटं प्रमेय. त्याला धक्का लागत नाही.